आखाडातली मेकफाईल

आधी चहा घ्या, अगदी निवांत घ्या. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट तोंडात असला तर नाकातून बाहेर येईल, आणि आईनं ही चादर आजच धुतली आहे.

तुम्ही तिघं आमच्या शेतकरी गटात नाही, म्हणून तुम्हाला अजून ठाऊक नाही. बाकी सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालं आहे. परवा मी चौकात गेलो, तर पानठेलेवाला मला पाहून म्हणाला, "काय भाऊ, युरिया आला का?" आणि मागं उभे असलेले सगळे खांदे हलवून हसायला लागले. आता तुम्हीच सांगा, मी काय खतवाला आहे? मी आपला पुण्याच्या कंपनीचं काम करणारा माणूस, दारव्ह्याजवळच्या या गावात घरी बसून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहितो. युरियाचा आणि माझा संबंध काय? तर सांगतो, बसा.

माझं लग्न या उन्हाळ्यात झालं. तुम्ही होतेच जेवायला, मठ्ठा संपवला होता तुम्ही. रेणू राळेगावकडची. लग्न झालं, पेरणी झाली, आणि आम्ही जरा एकमेकांशी बोलायला लागतो न लागतो तोच आखाड लागला.

आमच्याकडे आखाड पाळतात, हे तुम्हाला सांगायला नको. नवी नवरी महिनाभर माहेरी जाते आणि नवराबायकोनं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. का पाहायचं नाही? ते कोणी सांगत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मीही गेलते. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मलाही नव्हतं पाहू दिलं. झालं! मी रोज चार देशांतल्या लोकांशी मीटिंग करतो, पण घरात आखाडापुढं माझं काही चाललं नाही.

आणि काय सांगू, ती गेली आणि घराचा आवाजच गेला हो. ती होती तेव्हा माझी मीटिंग चालू असताना दाराआड उभी राहायची आणि मीटिंग संपली की आत येऊन माझं सगळं इंग्रजी माझ्याच आवाजात म्हणून दाखवायची. "येस, येस, शुअर, ऑफकोर्स." हात असे हलवायची. मी चिडायचो. आता मीटिंग संपते, मी लॅपटॉप बंद करतो आणि दाराकडं पाहतो. दारात कोणी नसतं. थोड्या दिवसांत माणसाची एवढी सवय होते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पण मी तिला हे सांगितलं होतं का? अजिबात नाही. जीपमध्ये बसताना तिनं हळूच विचारलं, "करमन का तुमाले?" एवढा सोपा प्रश्न! माणसानं काय म्हणावं? मी म्हणालो, "सध्या काम लय आहे." तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि जीप सुटली. तेव्हापासून मी रोज स्वतःला त्या जीपसमोर उभं करून बरोबर उत्तर देतो. पण जीप काही परत येत नाही.

तुम्ही म्हणाल, फोन कर ना बाबा. तिच्या गावी रेंज नाही. घराच्या स्लॅबवर चढलं तर कशीबशी एखादी दांडी येते. बोलायला गेलं तर आवाज तुटतो, इंटरनेटचं नाव घ्यायचं नाही. साधा मेसेज तेवढा पोचतो. मग मेसेज कर ना? केला असता हो! फोन हातात घेऊन मी कितीदा बसलो. "तुझी" एवढं लिहायचो आणि खोडायचो. बाजूला आई डाळ निवडत असायची, मला वाटायचं तिला दिसतंय. तिला वाचताही येत नाही माझ्या फोनवरचं, चष्मा लागतो, पण मला घाम फुटायचा.

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मात्र मला लाज वाटत नाही. तिथं काहीही लिहिलं तरी ते कामच वाटतं. आणि जे काम हातानं मिनिटाभरात होतं त्यासाठी दोन दिवस खपून यंत्र बनवायचं, ही आमच्या धंद्याची खोडच आहे. तिथंच माती खाल्ली.

आता इथं तुम्हाला थोडं कॉम्प्युटरचं ऐकावं लागेल. घाबरू नका, चहा आणखी आहे.

आमच्या गटाला रोज सकाळी मी मेसेज पाठवतो. सोयाबीन, तूर, हरभरा, बाजार समितीत काय भाव निघाला ते. गटाचा एक वेगळा नंबर आहे, त्यावरून सगळ्यांना एकदम जातो. त्यासाठी मी एक मेकफाईल लिहिली आहे. मेकफाईल म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामं. वर कामाचं नाव आणि खाली ओळीओळीनं ते कसं करायचं. मी "मेक भाव" असं टाइप केलं की पडद्यावर प्रश्न येतो, काय सांगायचं? मी भाव टाकतो, एंटर दाबतो, माझा सोडून गटातल्या सगळ्यांचे फोन वाजतात.

त्या सगळ्यांत रेणूचाही नंबर होता. साखरपुडा झाला तेव्हाच मी तो गुपचूप घातला होता. म्हणजे रोज सकाळी माझ्याकडून तिला काहीतरी जायचं. काय जायचं? सोयाबीनचा भाव! पण जायचं तर खरं. भाव टाकताना मी तिचाच विचार करत असायचो, तूर जरा चढली असली की मला उगाच बरं वाटायचं.

मग मी विचार केला, याच फाईलीत दुसरं काम लिहावं, "मेक निरोप". त्यानं आधी विचारावं, कोणाला? मी म्हणणार, रेणू. मग विचारावं, काय सांगायचं? मी मजकूर टाकणार. आणि त्यानं नंबरांच्या फाईलीत ते नाव शोधून तेवढ्या एकाच नंबरावर पाठवावं. "मेक भाव"च्या ओळीची नक्कल घेतली, तिच्यात नाव शोधायचं जोडलं आणि वर नाव विचारणारी एक नवी ओळ घातली. सुटसुटीत, सुंदर.

आणि मी काही नवशिका नाही हां. यात एक खड्डा असतो, तो मला माहीत होता. आपण टाइप केलेली गोष्ट ज्या नावाखाली ठेवायची, ते नाव पुन्हा वापरताना आधी डॉलरचं चिन्ह लावतात. पण मेकफाईलीत एकच डॉलर लावला तर मेक तो स्वतःच गिळते, पुढं पोचूच देत नाही. म्हणून दोन लावायचे, एक तिचा आणि एक आपला. मी बरोबर दोन लावले. लावले आणि खुर्चीत मागं रेलून स्वतःवर खूश झालो. तपासूनही पाहिलं. तपासायला वेगळी फाईल केली, तिच्यात फक्त माझाच नंबर. कोणाला? मला. फोन वाजला. झालं, चालतंय!

आता मजकूर. सबंध दुपार गेली त्यात. आधी मी दारव्ह्यातल्या दुकानांमध्ये हिंडून तिच्यासाठी एक साडी आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा एकटा साडीच्या दुकानात गेलो. पिस्ता रंगाची. मला ती आखाड संपायच्या आधी तिला द्यायची होती. खरं तर साडीचं निमित्त, मला तिला पाहायचं होतं. यवतमाळ दोघांनाही मधे पडतं. तिथं स्टँडवर भेटावं, दहा मिनिटं, आणि जीपमध्ये बसताना न दिलेलं उत्तर द्यावं, एवढंच मनात होतं.

मी काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगतो. आता ते सगळ्यांनाच पाठ आहे, लपवून उपयोग नाही.

"नमस्कार. शनिवारी सकाळी यवतमाळच्या स्टँडवर ये. राळेगावची गाडी लागते तिथं थांबतो. तुझ्यासाठी मुद्दाम आणून ठेवलं आहे. फार हिंडलो तेव्हा मिळालं. घरी कोणाला सांगू नको, उगाच गर्दी नको. उशीर करू नको."

बायकोला नमस्कार! हो, लिहिला. सुरुवात कशी करावी ते सुचेना. पण वाचून पाहिलं तेव्हा मला ते फार नाजूक वाटलं होतं. "फार हिंडलो तेव्हा मिळालं" या वाक्यावर तर माझे डोळे पाणावले होते. कोणाला? रेणू. एंटर. पडद्यावर आलं, निरोप पाठवला.

आईनं डाळीतून मान वर करून विचारलं, झालं का ऑफिसचं? मी म्हणालो, झालं.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी काय समजलो? लाजली. गप्प आहे म्हणजे येणार. नवरा झालो तरी माणसाची अक्कल किती वाढणार?

शुक्रवारी चहाच्या टपरीवर बंडूभाऊ भेटले. बंडूभाऊ आमच्या गटाचे अध्यक्ष. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं, आजूबाजूला पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "उद्या यवतमाळले तूच असशीन ना तिथी?"

यांना कसं कळलं? म्हटलं, रेणूनं घरी सांगितलं, घरच्यांनी कोणाला सांगितलं, आणि आता आखाड मोडला म्हणून गावात बोंब होणार.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"ते सोड. म्या कोणाले सांगतलं नाही. फक्त एक सांग, कितीक आणलं?"

"एकच आणली."

बंडूभाऊंचा चेहरा पडला. "एकच? मंग आमाले?"

"तुमाले कायले पायजे?" मी म्हणालो. माझ्या बायकोची साडी यांना कशाला?

माझं बोलणं मनाला फार लागल्यासारखे ते उभे राहिले. म्हणाले, गटासाठी मी एवढं करतो आणि तू असं विचारतो. मग चहाचे पैसे देऊन निघून गेले. मी विचार करत राहिलो की गटाच्या अध्यक्षालाही साडी द्यायची पद्धत कधीपासून आली.

शनिवारी मी घरी सांगितलं, बँकेचं काम आहे. आईच्या नजरेला पडू नये म्हणून साडी खताच्या कंपनीच्या पिशवीत घातली. घरात तेवढीच एक जाड पिशवी होती. लक्षात ठेवा, पिशवीवर हिरवं पीक आणि मोठ्या अक्षरांत खताचं नाव. बाबांनी सांगितलं, मीही यवतमाळला चाललो, मागून जीपनं, डोळे दाखवायला. म्हटलं, ठीक आहे, ते डोळे दाखवतील, मी स्टँडवरच राहीन. काही अडचण नाही.

एसटीत चढलो आणि पाहतो तर काय! अर्धी गाडी आमच्या गटाची. पण कोणी कोणाला ओळख देत नव्हतं. एक जण खिडकीबाहेर पाहत होता, दुसऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतलं होतं, बंडूभाऊ अगदी शेवटच्या बाकावर कोपऱ्यात. प्रत्येकाच्या काखेत घडी घातलेलं मेणकापड, कोणाच्या पिशवीतून दोर लोंबतोय. मी कंडक्टरला तिकीट मागताना सगळ्यांची नजर माझ्या पिशवीवर खिळली. मला वाटलं, पाऊस आहे, मेणकापड घेतलं असेल. माणसाच्या डोक्यात बायको असली की त्याला मेणकापड दिसत नाही.

यवतमाळला उतरलो. राळेगावची गाडी लागते तिथं जाऊन उभा राहिलो. केस सारखे केले. आणि पाहतो तर एसटीतले सगळे माझ्यामागं आले. म्हणजे अगदी माझ्यामागं नाही. एक जण पाणी प्यायला थांबला, एक जण वेळापत्रक वाचत राहिला, दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे. थोड्या वेळात दारव्ह्याकडून जीप आल्या, त्यातून आणखी उतरले. बाबाही होते. डोळे दाखवायला आलेले बाबा वेळापत्रकाआड उभे होते आणि त्यांच्याही काखेत मेणकापड होतं.

मी म्हटलं, असो. गाडी यायची वेळ झाली होती. खरं सांगतो, तेव्हा मला त्या गर्दीचं काही वाटत नव्हतं. मी फक्त रस्त्याकडं पाहत होतो. प्रत्येक लाल गाडी दिसली की दोन पावलं पुढं जायचो. तिनं कोणती साडी नेसली असेल, केस कसे बांधले असतील, मला पाहून आधी हसेल की आधी रागावेल. मी मनात तयारी करत होतो, करमत नाही, करमत नाही, करमत नाही. म्हटलं, या वेळी कामाचं नाव काढायचं नाही.

गाडी आली. एक म्हातारी उतरली. कोंबडी घेऊन एक माणूस उतरला. कॉलेजची पोरं उतरली. मी दाराशी जाऊन आत डोकावलो. आणि सगळ्यांत शेवटी उतरले ते माझे सासरे. एका हातात आधार कार्ड, दुसऱ्या हातात मेणकापड.

"या, मामाजी," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

"जवाईबापू, तुमी बी इथीच? बरं झालं बापा. कुठी वाटून राह्यले युरिया?"

बस्स, तो शब्द निघाला आणि सगळं स्टँड जागं झालं. वेळापत्रक वाचणारे, पाणी पिणारे, पाठ करून उभे असलेले, सगळे एकदम माझ्याभोवती. बंडूभाऊ सगळ्यांत पुढं. म्हणाले, आता लपवू नको, पिशवी उघड, कंपनीच्या ओळखीनं आणलं असशील तर सगळ्यांना सारखं दे, आधार कार्डं आणली आहेत. मी म्हणालो, कसला युरिया? त्यांनी फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. त्यावर माझा मेसेज. मग दुसऱ्यानं फोन काढला. मग तिसऱ्यानं. माझ्याभोवती जणू फोनांची पंगत बसली आणि प्रत्येक पानावर तोच पदार्थ. नमस्कार. शनिवारी सकाळी यवतमाळच्या स्टँडवर ये.

सगळ्यांना गेला होता! गटातल्या झाडून सगळ्यांना! आणि प्रत्येकाला वाटलं होतं की फक्त आपल्यालाच आला आहे. घरी कोणाला सांगू नको, गर्दी नको, असं मीच लिहिलं होतं. युरियाच्या टंचाईत, आधार कार्ड दाखवून कसंबसं एखादं पोतं मिळत असताना असा मेसेज आला तर माणूस काय समजणार? पोतं पावसात भिजू नये म्हणून मेणकापड घेऊनच निघणार.

मी काही बोलायच्या आत कोणीतरी पिशवी ओढली. आतून पिस्ता रंगाचा पदर बाहेर आला.

एका काकांनी तो पदर बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला. बाबांनी आपलं मेणकापड घडी करून काखेत दाबलं आणि मला विचारलं, "म्या तं डोळे दाखवाले आलतो. तू कायले आलतास?"

मी सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे साडीकडं पाहत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. आखाडात पोरीला चोरून भेटायला आलेला जावई, आणि साक्षीला सगळा गट!

पण मामाजी रागावले नाहीत. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पोट्टीनंच मले पाठवलं. म्हणे, बाबा, यांच्या गटाचा खताचा मेसेज आला, तुमीच जा, मी आखाडात कशी जाऊ. अन् म्हणे, हे तिथी असतीन तं पाहून या, वाळले का."

तिनंही खताचाच समजला होता. माझ्या बायकोनं! ज्या वाक्यावर माझे डोळे पाणावले होते ते वाचून तिनं वडिलांना आधार कार्ड शोधून दिलं होतं. मला तिचा राग आला नाही, स्वतःचाच आला. मी असं काय लिहिलं की माझ्याच माणसाला मी त्यात दिसलो नाही?

मामाजींनी आधार कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाले, "एक सांगू का? पोट्टी रोज सकाळी स्लॅबवर चढते. पानी असो का काही असो. तुमचा भाव आला का पाह्यते. सोयाबीन, तूर, हरभरा, सारं मले वाचून दाखवते. म्या म्हणो, हिले कायले पायजे एवढा भाव? आमच्या घरी तं इकाले दाना उरला नाही."

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी साडी मेणकापडात गुंडाळली, वरून दोर बांधला आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. मी त्यांना म्हणणार होतो, तिला सांगा की… पण काय सांगा ते भर स्टँडवर सासऱ्यांना सांगता येईना. मी म्हणालो, सांभाळून जा.

परतीच्या एसटीत मला मधल्या बाकावर बसवण्यात आलं. आता कोणी झोपेचं सोंग घेत नव्हतं. बंडूभाऊंनी तो मेसेज सगळ्या गाडीला मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग त्यावर चर्चा. कंडक्टरसुद्धा सामील. यात बायकोचं नाव कुठं आहे? नमस्कार कशाला? एका काकांचं म्हणणं पडलं की त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी एवढा लाघवी मेसेज केला आणि तोही त्यांच्यासाठी निघाला नाही. बंडूभाऊ शेवटी म्हणाले, "अरे, आठवण येते, एवढं तरी लिहावं लागे. इतके जन वाचून राह्यलो, कोणाले तरी शंका आली का?"

खरंच कोणाला आली नाही. एवढे संसारी लोक, प्रत्येकाची बायको कधी ना कधी आखाडात माहेरी गेलेली, आणि एकालाही त्यात प्रेमाचा वास आला नाही. सगळ्यांना युरियाचाच आला.

रविवारी मी फाईल उघडून बसलो. चूक काय होती, सांगू? मेक प्रत्येक ओळीसाठी नवा माणूस बोलावते. लग्नाच्या पंगतीत तुम्ही एका वाढप्याला सांगता, मला तिखट वाढू नको. तो मान हलवून पुढं जातो. मागून दुसरा येतो, त्याला काय माहीत? तो पळीभर रस्सा ओततो. तसं झालं. पहिल्या ओळीत मी सांगितलं, रेणू. त्या ओळीचा माणूस ते नाव घेऊन निघून गेला. दुसऱ्या ओळीत नवा आला, त्याच्याकडं नावाच्या जागी काहीच नाही. आणि काहीच नाही हे शोधायला सांगितलं, तर ते कॉम्प्युटरला सगळ्यांमध्येच सापडतं. त्यानं सगळ्यांना पाठवून दिलं. तपासताना फाईलीत मी एकटाच होतो, म्हणून तेव्हा सगळे म्हणजे मीच! दोन ओळी जोडून एक केली असती तर तोच माणूस शेवटपर्यंत राहिला असता. माझे दोन-दोन डॉलर बिचारे बरोबरच होते.

दुरुस्त करायला किती वेळ लागला? दोन ओळी जोडणारी, उलट्या तिरक्या रेघेची एक खूण, बस. या वेळी फाईलीत पाच-सहा नंबर ठेवून नीट तपासलं. मग "मेक निरोप". कोणाला? रेणू. काय सांगायचं? आणि मी खरं ते लिहिलं. "रेणू, तुझी फार आठवण येते. मीटिंग संपली की दाराकडं पाहतो. काम काही जास्त नाही, तेव्हा खोटं बोललो. करमत नाही. ये."

पाठवला. एकटीलाच गेला. संध्याकाळी फोन वाजला.

"साडी भेटली. रंग चांगला आहे. हा मेसेज मलेच आला का सगळ्याइले?"

मी लगेच अभिमानानं लिहिलं, फक्त तुलाच, चूक सापडली, आता दुरुस्त केलं आहे. आणि वाट पाहत बसलो. मला वाटलं, आता ती काहीतरी गोड लिहील. बराच वेळ गेला. मग उत्तर आलं, ते तुम्हाला वाचूनच दाखवतो.

"युरियाचा सगळ्याइले अन् आठवणीचा लपून एकटीले? इथी सारे मले युरियावाली म्हंतेत. हा बी सगळ्याइले पाठवा. तवा श्रावणात येइन, नाही तं बसा भाव पाठवत."

हसा, हसा. पण ती रेणू आहे, म्हणाली तर तसंच करेल. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आणि मला ती यायला हवी आहे हो. पुन्हा दाराआड उभी राहून माझी टिंगल करायला हवी आहे, हवी तेवढी करू दे, मी चिडणार नाही.

मग अडचण काय? अडचण मीच. चुकून सगळ्यांना पाठवला तेव्हा मला कळलंही नाही. आता मुद्दाम पाठवायचा, बाबांना, बंडूभाऊंना, साडीचा पदर पाहणाऱ्या काकांना, तर बोट पुढं सरकत नाही. हा पाहा, लॅपटॉप मी मुद्दाम इथं बाजेवर आणून ठेवला आहे. "मेक भाव" टाकलं आहे, मजकूर तोच आहे, तिच्या नावासकट. फक्त एंटर राहिलं आहे. सकाळपासून किती वेळा बोट ठेवलं आणि उचललं, विचारू नका. तुम्हाला चहाला बोलावलं ते याच्यासाठीच. तुमच्यापैकी कोणीतरी दाबा, मी तोवर कप आत ठेवून येतो.